मेडलांची उजवी बाजू

मारू नका, आवो मारू नका म्हनत मी खुर्च्यांच्या मधनं पळत व्हते, पोरगी काखंत किंचाळत व्हती, आन् म्होरं स्टेजच्या पायरीखाली माझ्या मोठ्या दिरांच्या तोंडावर कुनाचा तरी बूट पडला. त्यो आवाज आजून माझ्या कानात हाय. ओला आवाज. दीर उताणे पडले व्हते, एका हातानं तोंड झाकलेलं आन् दुसऱ्या हातानं डावी छाती धरलेली. त्या डाव्या छातीवर माझ्या मालकांची मेडलं व्हती. लोक ती वढत व्हते आन् दीर सोडत नव्हते.

"खोटा फौजी हाय, धरा त्याला," कोनतरी मागनं वरडलं, तशी जेवायच्या लायनीतली मानसं पन पळत आली. काय झालंय ते ज्यांना ठाव नव्हतं ते पन मारत व्हते. एकानं कंबरंचा पट्टा काढला. त्याचं बक्कल दिरांच्या कानावर बसलं आन् कान फाटून लोंबायला लागला. मी थांबले.

नीट सांगते, न्हाईतर कळायचं न्हाई.

मालक म्हंजी माझा नवरा. फौजेत व्हते. वर बर्फात गोळी लागून गेले तवा पोरगी पोटात व्हती, बापानं तिला बघितलं न्हाई. आमी खुटबावचे. आमच्यात आदी मेंढरं वळायचे, आता ऊस न् कांदा. घरातनं फौजेत गेले ते मालकच पयले. सुट्टीवर आले की त्यांची मेडलं ट्रंकंत ठेवायचे, रंगीत रिबिनीची, सगळी एका पट्टीवर बसवल्याली, मागनं लांब पिन. मी एकदा भाकरी थापता थापता उठले आन् गंमत म्हनून ती पट्टी माझ्या झंपरला लावली. डाव्या बाजूला, त्यांच्या फोटूत असती तशी. पिठाचे हात तसेच.

ते हसले न्हाईत. आदी पट्टी काढली, पुसली, मग हसले.

"डावी बाजू ज्यानं कमावली त्याची," म्हनले. "घरच्यांनी लावायची ती उजवीकडं. आई असू दे, बायको असू दे, भाऊ असू दे. ती पन मानूस गेल्यावर."

"आसलं नगा बोलू."

"आगं, तुझं तर सोपं हाय. बायांची डावी बाजू पदराखाली असती, उजवी मोकळी. तुमच्याकडं बघूनच नेम केला आसंल कुनीतरी."

मी उलथनं उगारलं तसे पळाले अंगनात. मग दारातनं वाकून म्हनले, लग्नात, वरातीत, गावच्या जत्रंत लावायची न्हाईत, झेंड्याला आन् मेळाव्याला लावायची. येवढंच मला ठाव. सातवीतनं शाळा सुटली माझी, पन हे मी इसरले न्हाई, कारन ते त्यांच्या तोंडचं हाय.

तर शिरूरला एका मंगल कार्यालयात माजी सैनिकांचा मेळावा व्हता. वीरपत्नींचा सत्कार. बोलावनं माझ्या नावानं आलं. मी सकाळी आंघुळ करून ट्रंक उघडली, पट्टी बाहेर काढली, फडक्यानं पुसली. तवा मोठे दीर आत आले. निळा कोट घातल्याला, नवा.

"आन हिकडं," म्हनले.

"भावजी, बोलावनं मला हाय."

"आन् तू काय करनार? पदर खाली घिऊन येवढ्या बाप्यांम्होरं छाती दावत बसनार?"

आता आमच्याकडं कसं हाय, मोठ्या मानसांम्होरं डोईवरचा पदर उजव्या खांद्यावरनं फिरवून म्होरं धरायचा. तसा धरला तर उजव्या बाजूची मेडलं झाकत्यात. मी म्हनलं, पदर डोईवर ऱ्हाईल, नुसता उजवा खांदा सोडते. येवढंच म्हनलं मी.

पयली कानाखाली बसली तवा मला काय दिसलं न्हाई, नुसतं पांढरं झालं. मग केस धरले आन् दाराच्या चौकटीवर माझं डोकं आपटलं. मी पट्टी सोडली न्हाई. मी ती ट्रंकंत टाकली आन् वर हात ठिवला, तर त्यांनी ट्रंकंचं झाकन माझ्या बोटांवर आदळलं. एकदा न्हाई. बोटं आत, झाकन वर, आन् त्यावर त्यांचा गुडघा. पोरगी दारात उभी ऱ्हाऊन वरडत व्हती, तिला जाऊबाईनं उचलून न्हेलं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, चुलीम्होरं बसल्या व्हत्या. तिथनंच म्हनल्या, "दे की गं त्याला. आता त्योच कर्ता हाय घरातला."

मी बोटं सोडली. नखं काळी पडत व्हती. तरी म्हनलं, "लावा भावजी, पन उजवीकडं लावा. डावीकडं लावली तर म्हंजी तुमीच फौजी झाला."

आरशाम्होरं पिन लावता लावता ते हसले. "उजवीकडं बाया लावत्यात. मी काय रंडकी हाय का?"

त्यांना गावच्या इलेक्शनला उभं ऱ्हायचं व्हतं. फ्लेक्स छापायचा व्हता, त्यावर फोटू पायजे व्हता. गाडीत मला मागं बसवलं, कारन आत जायला मी लागनार व्हते. चौफुल्यावरनं न्हावऱ्याच्या रोडनं आमी शिरूरला निघालो. मी ओल्या फडक्यात बोटं गुंडाळून बसले. गाडीच्या आरशात बघून त्यांनी कोट नीट केला आन् माझ्या मांडीवरच्या पोरीला म्हनले, "बघ, तुझा बाप आला."

मेळाव्यात मला बायांच्यात बसवलं, त्यांना म्होरच्या रांगंत. लोक येऊन जय हिंद करत व्हते, तेबी करत व्हते. मला वाटलं निघंल दिवस. मग एक म्हातारे सुभेदार आले. पांढऱ्या मिशा, काठी, डाव्या छातीवर सोताची मेडलं, रिबिनी उडाल्या व्हत्या त्यांच्या. दिरांच्या छातीकडं बघत उभं ऱ्हायले.

"जय हिंद. कुठली पलटन?"

दिरांनी मालकांच्या पलटनीचं नाव सांगितलं.

"ट्रेनिंग कुठं झालं?"

"आवो आबा, जुनं झालं ते. बसा की, च्या घ्या."

"हे कशाचं मेडल?" आबांनी काठीच्या मुठीनं एक मेडल दावलं.

"शौऱ्याचं," दीर म्हनले.

आबा शेजारच्या जवानाकडं बघून म्हनले, "नऊ वर्सं नोकरी केली की हे मिळतंय. लई शौऱ्य लागतं बाबा, नऊ वर्सं फौजेच्या लंगरची डाळ खायाला."

दोन-तीन जन हसले. दिरांनी पन हसून सोडायचं व्हतं. उठून सांगायचं व्हतं का भावाची हायत. पन ते हसनं त्यांना झोंबलं. आबांनी पट्टीकडं हात न्हेला, तसा दिरांनी त्यांना छातीवर ढकललं. म्हातारं मानूस खुर्चीला अडखळून मागं पडलं आन् त्यांचं डोकं फरशीवर वाजलं. त्या एका आवाजावर सगळं मंगल कार्यालय उठलं.

मग ते झालं जे मी सुरवातीला सांगितलं.

मी त्यांना सोडवायलाच पळाले व्हते. पन जवळ गेले आन् थांबले. खोटं बोलनार न्हाई. एकानं बोटांवर पाय दिला त्यांच्या, त्याच हातावर ज्यानं मेडलं धरली व्हती, बूट फिरवला, आन् हाडाचा कट्ट आवाज आला. माझी फडक्यातली बोटं ठसठसत व्हती. आजून एक, मला वाटलं. आजून एक बसू दे. मग त्यांनी डोळा उघडला, एकच उघडत व्हता, आन् मला बघितलं. "सांग की गं," म्हनले. दातातनं रगताचा फुगा आला न् फुटला. "ह्यांना सांग."

आबांना दोघांनी उठवलं व्हतं, मागनं मान लाल झाली व्हती. त्यांनी काठी आडवी घातली. "थांबा रं. मरंल." मानसं थांबली, पन कॉलर कुनी सोडली न्हाई. मोबाईल वर धरलेले. आबांनी मला इचारलं, "बाई, कोन हाय ह्यो तुझा? मेडलं कुनाची?"

मागनं एक जन म्हनला, पोलिसांना फोन केलाय, येत्यात.

मी काय सांगायचं? खरं सांगितलं, का हिसकावून घेतली, माझी बोटं बघा, तर मेडलं तिथंच माझ्या हातात आली असती. आन् ते गेले असते पोलिसात, आदी आजून मार खाऊन. कदाचित मेले पन असते, ती मानसं तशीच व्हती तवा. आन् सांजच्याला मी पोरीला घिऊन कुठं जायचं? त्याच घरात. त्याच आत्याबाई, तीच जाऊ. माहेर यवतच्या पल्याड हाय, भावाच्या दोन खोल्या, वहिनीचं तोंड. ह्या सगळ्याचा मी एका दमात इचार केला, दम लागला व्हता तरी.

"माझ्या मालकांची हायत," म्हनलं. "ह्ये त्यांचं भाऊ. मीच लावली सकाळी. मला ठाव नव्हतं, आबा, कुठल्या बाजूला लावायची ते. शाळा कमी झालीय माझी."

कॉलर सुटली. कोनतरी म्हनलं, "आरं तिच्या, बाईनं घोळ केला व्हय." एक जन हसला आन् पट्टा परत कंबरंला घातला. ज्यांनी मारलं व्हतं ते बाटलीतनं पानी आनाय लागले. एक शिकलेल्या ताई म्होरं आल्या, साडीवर उजवीकडं त्यांच्या मालकांची मेडलं व्हती, मला हळूहळू सांगाय लागल्या, बारक्या पोराला सांगत्यात तसं. "हे बघ, ज्याची त्यानं डावीकडं. आपन घरच्यांनी उजवीकडं. लक्षात ऱ्हाईल?" मी मान हालवली. ऱ्हाईल म्हनलं.

माझे मालक पट्टीवरचं पीठ पुसून म्हनले व्हते तेच शब्द. मला तिथं रडू आलं, तर त्यांना वाटलं चूक झाली म्हनून रडतीय.

आबा माझ्याकडं लई वेळ बघत व्हते. माझ्या फडक्याकडं पन बघितलं त्यांनी. मग म्हनले, "तर मग तुझ्या हातानं लाव बरोबर. समद्यांच्या देखत. म्हंजी परत कुनी इचारनार न्हाई."

दिरांना खुर्चीवर बसवलं. मी पोरीला खाली ठेवलं. डावीकडची पिन काढताना माझी बोटं वळंनात, कोटाला रगत, हाताला रगत, पट्टी निसटायला लागली. उजवीकडं कापड धरलं आन् पिन घातली. कोटातनं गेली, सदऱ्यातनं गेली, मग मऊ लागलं. मला कळलं हे कापड न्हाई. दिरांनी डोळे वटारले, श्वास वढला. म्होरं सगळे मोबाईल. वरडता येईना त्यांना, वरडले असते तर परत कुनीतरी इचारलं असतं. मी अंगठ्यानं पिन दाबली, आडवी फिरवली, आन् बंद केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनाच शाल घातली. नारळ दिला. पोलिस आले तवा सगळे जेवत व्हते.

घरी आल्यावर त्यांनी मला हात लावला न्हाई. त्याची काय गरजच उरली नव्हती. फोटू आला ना. वीरपत्नी सोताच्या हातानं दिराच्या छातीवर शहिदाची मेडलं लावती, आसा फोटू. त्यो फ्लेक्स चौफुल्यावर लागला, यवतला हायवेच्या कडंला लागला. फाटका कान दिसत न्हाई, त्या बाजूनं घेतलेलाच न्हाई. मेडलं त्यांच्या कपाटात हायत, किल्ली त्यांच्या कंबरंला. मी एकदा मागितली. म्हनले, "समद्या तालुक्याम्होरं दिलीस की. आता काय मागं घेतीस?" आन् उजवीकडं, बरं का. आता ते कवाच डावीकडं लावत न्हाईत. नेम पाठ झालाय त्यांना. लोकांना समजावून सांगत्यात.

पोरगी बोलाय लागलीय. आमी बाजाराला गेलो की चौफुल्यावर ती बोट करती वर फ्लेक्सकडं. "बाबा," म्हनती. मी तिला म्हनते, बाबा न्हाई, मोठं काका. ती मेडलांकडं बोट करती आन् परत म्हनती, बाबा. आता कुनाला म्हनती, मेडलांना का त्यांना, मला कळत न्हाई.

उद्या परत शिरूरला बोलावनं हाय, झेंड्याला. दिरांनी सांजच्याला सांगितलंय, पिन तूच लावायची, लोकांना बघायची सवय झालीय. आबा बी येनार हायत म्हनं. माझी दोन बोटं आजून नीट मिटत न्हाईत. मला भ्या वाटतंय. खरं बोलले तर आबा इचारतील, मग तवा खोटं का बोललीस. आन् गप ऱ्हायले तर माझी पोरगी त्यांनाच बाप म्हनत मोठी व्हईल.

मी सारखी त्याच पायरीपाशी जाते, मनात. बूट, पट्टा, रगताचा फुगा, काखंत पोरगी, आन् आबा इचारत्यात मेडलं कुनाची. तुमी सांगा. तुमी बाया हायसा, पोरं हायत तुमाला. तुमची बोटं ट्रंकंत चेचली असती आन् तेच मानूस तुमच्या म्होरं मरत पडलं असतं, तर तुमी मेडलं उजवीकडं लावली असती का? का डावीकडं तशीच ऱ्हाऊ दिली असती, आन् त्यांना मार खाऊ दिला असता?