कँटीनमधलं फ्रेंच

मुसळधार पाऊस लागला की फ्रेंच माणूस म्हणतो, आकाशातून दोर पडतायत. आपल्याकडे मुसळं पडतात, त्यांच्याकडे दोर. ज्या वर्षांत आमच्याकडे दोर नाही, मुसळ नाही, साधी भुरभुरही पडत नव्हती, त्या वर्षांत साखर कारखान्याच्या बंद कँटीनमध्ये बसून मी सहा माणसांना हे शिकवत होते. त्यातला एक माझा नवरा होता.

फ्रेंच माझ्याकडे कसं आलं, हे लोक अजून विचारतात. पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकत होते तेव्हा मार्क चांगले पडतात म्हणून घेतलं, मग गोडी लागली म्हणून पुढच्या परीक्षा दिल्या. फ्रान्स मी पाहिलेला नाही. लग्न होऊन बीड जिल्ह्यात आले, शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, आणि त्या भाषेचा उपयोग एकदाच झाला. शेजारणीच्या भावाने दुबईहून अत्तर आणलं होतं, त्याच्या बाटलीवरचं मी तिला वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढं शिकून बाटल्या वाचायच्या?" त्यांचं चूक नव्हतं.

मग दुष्काळ आला. एक वर्ष लोकांनी कळ काढली. दुसऱ्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला, आणि सभासदांनी उरलासुरला ऊस तोडून जनावरांच्या छावण्यांना चाऱ्यासाठी दिला. ऊसच नाही तर कारखाना काय गाळणार? आमचा कारखाना सहकारी, म्हणजे सगळ्यांचा. सगळ्यांचं असतं ते बंद पडलं की बोट कुणाकडे दाखवायचं तेच कळत नाही. नवरा तिथे पॅनमन होता; रस उकळून त्यातून साखरेचा दाणा बांधायचं काम त्याचं. पगार थांबले. कॉलनीतलं घर तेवढं राहिलं आणि माझा शाळेचा पगार. मी सकाळी टँकरच्या रांगेत, दुपारी शाळेत, संध्याकाळी पुन्हा घागरी घेऊन रांगेत. नवरा मदत करायचा, नाही असं नाही. पण रिकामा पुरुष घरात बसला की घर लहान होतं, हे ज्या बाईने भोगलंय तिला वेगळं सांगायला नको.

अशात पुण्याचा एक एजंट आला. आफ्रिकेतल्या एका देशात साखरेचा मोठा कारखाना आहे, तिथे पॅनमन, फिटर, वायरमन पाहिजेत, राहणं-जेवण कारखान्याचं. अट एकच, थोडंफार फ्रेंच बोलता आलं पाहिजे. मुलाखत फोनवर होणार, आणि घेणारा तिथला म्हातारा साहेब गप्पिष्ट आहे; दोन-चार म्हणी टाकल्या की खूश होतो, असंही एजंट म्हणाला. सगळ्या कॉलनीने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी उपयोगाची ठरले, आणि तेही माणसं बाहेर पाठवायच्या कामी.

शाळा सुटल्यावर वर्ग भरायचा. कँटीनच्या फळ्यावर चहा-भज्यांचे भाव अजून खडूने लिहिलेले होते. ते पुसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी त्यांच्याखाली लिहायची. व्याकरण काढलं की वर्ग पेंगायचा. मग मी वस्तू धरल्या. पातेलं, मीठ, पीठ, किल्ली. घरातली वस्तू समोर ठेवायची आणि फ्रेंच माणूस तिच्यावरून काय म्हणतो ते सांगायचं. त्यांनी ते असं उचललं की मीच थक्क झाले.

"तूर्ने ओतूर द्यु पो," मी पातेल्याभोवती बोट फिरवत म्हणायची. "पातेल्याभोवती फिरायचं. म्हणजे मुद्द्याचं सोडून आढेवेढे घ्यायचे."

"म्हंजी आमचे चेअरमन," वायरमन म्हणाला.

"पिठात घोळवणं म्हणजे फसवणं."

"आपल्यात टोपी घालत्येत," फिटर म्हणाला. "त्येंच्यात पीठ लई दिसतंय. आमाला टोप्याच पुरल्या."

फिटर सगळ्यांत लहान, नुकतं लग्न झालेला. त्याचे वडील बैल घेऊन छावणीत मुक्कामाला होते आणि हा तिथे डबा पोचवून थेट वर्गाला यायचा. एकदा मी सांगितलं की सगळ्या गव्हाणींत तोंड घालणं अशी एक म्हण आहे, जो माणूस सगळीकडून आपला फायदा करून घेतो त्याच्यासाठी. वर्ग हसला, आणि लगेच सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना. त्या वर्षी छावण्या कुणाच्या होत्या आणि कडब्यात कोण किती हात मारत होतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मिठावरून मात्र वाद झाला. आपल्याकडे मिठाचा खडा पडला की सगळं नासतं. त्यांच्याकडे आपल्या मिठाचा खडा टाकणं म्हणजे नुसतं न विचारता आपलं मत सांगणं. नवऱ्याला हे पटेना. "न विचारता मत सांगितल्यावर नासणारच की," तो म्हणाला. एरवी तो वर्गात फार बोलायचा नाही. बायकोसमोर विद्यार्थी म्हणून बसणं त्याला जड जात असणार. पण घरी भाकरी खाताना पुटपुटायचा, आणि उच्चार सगळ्यांत चांगले त्याचेच होते. फिटरचं अडलं की तोच त्याला समजावून सांगायचा.

सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मी किल्लीवरून बसवून घेतलं होतं. दाराखाली किल्ली सरकवणं म्हणजे धंदा बंद करून निघून जाणं, आपला गाशा गुंडाळणं. साहेब विचारणारच होता की तुमचा कारखाना चालू आहे का, तुम्ही का सोडताय. त्यावर म्हणायचं, आमच्या कारखान्याने दाराखाली किल्ली सरकवली. म्हणही झाली आणि माणूस लगेच यायला मोकळा आहे हेही कळलं. एजंटने बजावून सांगितलं होतं की ज्यांची नोकरी चालू आहे त्यांना ते घेत नाहीत. मागे काही जण हो म्हणून ऐनवेळी आलेच नव्हते. मी सहाही जणांकडून ते वाक्य रोज म्हणून घ्यायची. मला नवरा जायला हवा होता. हे मी आडपडदा न ठेवता लिहिते, कारण बायका असं लिहीत नाहीत. माझं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. मी दमले होते.

शिरूर कासारकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर ट्रकमध्ये संसार घालून आमच्या दारावरून जायच्या. चांगल्या वर्षांत कॉलनीतली माणसं त्यांच्याकडे जरा वरूनच बघायची. त्या वर्षी कुणी तसं बघत नव्हतं.

आता अग्निप्रदीपनाचं सांगते. हंगामाआधी, दसऱ्याच्या सुमारास, साखर कारखान्यात बॉयलरची पूजा होते आणि त्यात अग्नी पेटवतात. आमच्याकडे पूजेला कामगारांपैकी एक जोडपं बसवायची पद्धत होती, दरवर्षी वेगळ्या खात्याचं. त्या वर्षी पाळी पॅन खात्याची आणि मान माझ्या नवऱ्याचा. ऊस नाही, बॉयलरमध्ये पाणी नाही. खरा जाळ केला असता तर बॉयलरच गेला असता. तरी चेअरमन म्हणाले, "अग्नी दाखवल्याबिगर दसरा जाऊ द्यायचा न्हाई. कारखाना जित्ता हाय हे लोकांना दिसलं पायजे." म्हणून चार समिधा आणि कापूर.

फोन त्याच आठवड्यात कधीही येणार होता. फिटरला आदल्याच दिवशी येऊन गेला होता आणि त्याने किल्लीचं वाक्य खणखणीत म्हटलं होतं. नवऱ्याने पूजेला बसताना आपला मोबाइल फिटरच्या हातात दिला.

अग्नी दाखवून झाला. आरती बाकी होती. आम्ही दोघं पाटावर, तो सोवळ्यात, मी कपाटातली ठेवणीतली साडी नेसून, आणि मागे सगळे कामगार उभे. बऱ्याच दिवसांनी त्या शेडमध्ये एवढी माणसं जमली होती. काहींनी तर ड्रेस घातले होते, कारखान्याचे, इस्त्री करून. आणि फोन वाजला.

पूजेवरून उठायचं नसतं. फिटर वाकून पुढे आला आणि त्याने फोन नवऱ्याच्या कानाशी धरला. गुरुजी थांबले. चेअरमननी हाताने खूण केली, बोला बोला. त्यांना वाटलं, कुणी मोठा माणूस शुभेच्छा देतोय.

नवऱ्याने नाव सांगितलं. काम सांगितलं, किती वर्षांचं तेही. कुठेही अडखळला नाही. मला अभिमान वाटला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. साहेबाने विचारलं, तुमचा कारखाना सध्या चालू आहे का?

मी शेजारून, ओठ न हलवता, वाक्याचा पहिला शब्द पुरवला. त्याला ऐकू गेला, कारण त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बॉयलरच्या तोंडाशी जळणाऱ्या त्या चार काड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "वी, मस्य. ल्युझिन मार्श."

होय साहेब. कारखाना चालू आहे.

मग सोडताय कशाला, साहेबाने विचारलं. नवरा त्या काड्यांकडेच बघत राहिला. साहेबाने अजून एकदा विचारलं, मग काहीतरी बरं-बरं म्हणून फोन ठेवला. फिटरचा हात तसाच कानाशी राहिला होता. गुरुजींनी आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. आरती मी केली. कशी केली ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर मी साडीही बदलली नाही. भांडी आपटली, आवाज चढवला, शेजारी ऐकतील याचीही पर्वा केली नाही.

"एक वाक्य! एकच वाक्य म्हणायचं होतं तुम्हाला!"

"आग्नीसमोर बसून? कपाळाला कुंकू लावून म्हणू, कारखान्याला कुलूप लागलं?"

आपल्याकडे दिवा विझला म्हणत नाहीत, कुंकू संपलं म्हणत नाहीत, हे मला का ठाऊक नव्हतं? मी त्याच मातीतली. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"अहो, तिथे कळत कुणाला होतं? चेअरमनला कळत होतं? गुरुजींना? अग्नीला फ्रेंच येतं का?"

तो उपरण्याची घडी घालत बसला. मग म्हणाला, "आग्नीला न्हाई येत. मला येतं. तूच शिकवलंस."

मी घागरी उचलल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

एजंटचा निरोप आला. फिटर आणि वायरमन यांना घेतलं. बाकीच्यांचं पुढे बघू. नवऱ्याचं नाव निघताच एजंट म्हणाला, साहेबाला उच्चार फार आवडले, पण चालू नोकरीवरचा माणूस नको. कँटीनचा वर्ग आपोआप थांबला. थांबवतेय असं मी म्हटलं नाही, येत नाही असं त्यांनी म्हटलं नाही. त्या साली ऊस गाळला गेला नाही. पुढच्या सालीही नाही.

फिटर निघाला त्या दिवशी आम्ही दोघं त्याला पोचवायला अंबाजोगाईच्या स्टँडवर गेलो. नवऱ्याने त्याची बॅग स्वतः वर चढवली, दोरीने बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. फिटर त्याच्या पाया पडला. "दादा, तुमी समजून सांगितलं न्हसतं तर मला जमलंच न्हसतं," तो म्हणाला. नवरा हसला, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "नीट ऱ्हा. येळेवर जेव."

गाडी हलली. फिटरची बायको खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चार पावलं चालली. गज सुटल्यावर तिथेच, सगळ्या स्टँडसमोर, पदर तोंडात धरून रडायला लागली. वर्ष झालं नव्हतं लग्नाला. मी तिला जवळ घेतलं. तिचं अंग हुंदक्यांनी हलत होतं, लोक बघत होते, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला तिचा हेवा वाटत होता. माझा नवरा माझ्या शेजारीच उभा होता.