नानांच्या गोळीला वरचा हुकूम

आमचे वडील, नाना, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. घरातलं बाकी कुणी अजून निवृत्त झालेलं नाही.

सुरतेच्या डिंडोलीत लूमचा खडखडाट वाढायच्या आत नाना दाढी करून, गोळ्यांचा डबा उघडून ताठ बसतात. बीपीची, गुडघ्याची, पित्ताची आणि रात्री झोपेची. झोपेची गोळी फौजी दवाखान्यातल्या एका मेजर डॉक्टरांनी कधीकाळी दिलेली. मेजर बदलून गेले, गोळी राहिली! हल्ली तिच्यामुळे नाना पहाटे झोकांड्या खातात. दोनदा मोरीत पडले. आता पडून कंबर मोडली तर माणूस उठायचा नाही, या धास्तीने मी आणि बायको अर्धमेले झालो होतो.

गल्लीतल्या डॉक्टरांनी डबा पाहून कपाळाला हात लावला. या वयात ही गोळीच पाडते आहे, हळूहळू कमी करत बंद करू, म्हणाले. मी हरखून नानांना सांगितलं.

"तुन्हा डॉक्टरनी रँक काय शे?" नानांनी विचारलं.

(रँक! त्या बिचाऱ्याकडे धड कंपाउंडर नाही.) मेजरचा हुकूम मेजरच्या वरचाच मागे घेईल, असं नानांनी बजावलं.

सुरतेत साड्या हव्या तेवढ्या मिळतील हो, कर्नल कुठून आणू? शेवटी कतारगामला एक निवृत्त कर्नल सापडले. त्यांना फोनवर सगळं समजावलं. गोळी डॉक्टर म्हणतील तशी बंद करा, एवढंच नानांना सांगायचं. ते आनंदाने कबूल झाले.

नाना पदकं लावून रिक्षातून गेले आणि दारातच त्यांनी कडक सलाम ठोकला. कर्नलसाहेबांना असा सलाम कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि माझा निरोप त्यात वाहून गेला. त्यांनी स्वतःचा गोळ्यांचा डबा काढला. तो नानांच्या डब्याहून मोठा! दोघं गोळ्या मांडून तासभर बसले. निघताना साहेबांनी नानांच्या खिशात एक पट्टी कोंबली.

"सुभेदार, ये चक्कर की गोली. रोज लेना."

"जी साब!"

म्हणजे आता झोपेची एक आणि तिने येणाऱ्या चकरेची एक. मला रडूच आलं.

तसाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझंच बीपी मोजलं आणि मला गोळी लावली. ती मात्र नाना मला समोर उभं करून घ्यायला लावतात. एकदा चिडून मी म्हटलं, "नाना, या डॉक्टरला रँक कुठे आहे?"

"तुले तरी कोठे शे?"

खरं आहे. म्हणून तर रोज पहाटे मोरीच्या दाराशी पहाऱ्यावर मी असतो.