भागाबाईच्या नावाची पऱ्हाटी

श्रावणातला सोमवार होता आणि पाऊस आठ दिवस हटला नव्हता. अमरावतीच्या कापूसबाजारात मी तोलाईचं काम करतो. पावसाळ्यात काटा बंद, म्हणून वखारीत बसून फाटके बोरे शिवत होतो. आमच्या गावचा गाडीवान दारात येऊन उभा राहिला. डोक्यावरचं घोंगडंही त्यानं काढलं नाही. म्हणाला, “नामदेवभाऊ, चाला. भागाबाई पहाटेच गेली.” मी सुई तशीच बोऱ्यात खुपसून ठेवली आणि निघालो. चार कोसांची वाट, काळ्या मातीचा चिखल, दर दहा पावलांना पाय खरवडायचा... आणि खरं सांगतो, त्या सबंध वाटेत माझ्या तोंडी बाईचं नाव नव्हतं, आमच्या गावच्या उमराव पाटलाचं होतं. आज सव्वा महिना झाला, अजून तेच आहे. गेलेल्या माणसावर लिहिताना मन स्वच्छ ठेवावं म्हणतात. मला ते जमणार नाही. ज्याला गोड गोड वाचायचं असेल त्यानं इथंच थांबावं.

भागीरथी ही माझी थोरली बहीण. गाव तिला भागाबाई म्हणायचं, मी नुसतं बाई. माय गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, मला तिनंच वाढवलं. पुढं ती विधवा झाली. पोर नाही, शेत नाही, होते ते दोन हात. आमच्या गल्लीत अशी सात घरं, सगळी निंदणी-वेचणीवर जगणारी, आणि त्या बायांच्या टोळीत बाई नेहमी पुढं. ती गरीब गाय होती असं कुणी आता म्हणत असेल तर साफ खोटं आहे. एकदा गावच्या कुंभारानं तिला तडा गेलेला माठ दिला आणि वर “तुमीच आपटला असन” म्हणाला. त्यानंतर बारा वर्षं तिनं त्याच्याकडची एक पणती घेतली नाही. दोन कोसांवरून डोक्यावर मडकी आणायची, आणि येताना मुद्दाम त्याच्याच दारावरून यायची. मी हसलो की म्हणायची, “हासू नको नाम्या. इसरलं का माणूस पुन्हा फसते.” हे मी तिच्याकडूनच शिकलो.

तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाडच्या कापसावाचून चैन पडेना, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. अमरावती-अकोल्याचे व्यापारी गाड्यांच्या चाकांच्या धावांना चांदी लावू लागले म्हणतात. असेल. आमच्या गल्लीत काय लागलं ते मी सांगतो. जिकडं तिकडं कापूसच पेरला, त्यामुळं ज्वारी महागली. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून ढोरं विकली, आणि ढोरं गेली तशा गोवऱ्याही गेल्या. मेळघाटाकडून लाकडाच्या गाड्या यायच्या, त्या सगळ्या गाड्या भाड्यानं कापूस वाहू लागल्या. खिशात चार पैसे खुळखुळायचे, पण चुलीत घालायला काडी नाही! राहिली होती ती पऱ्हाटी. वेचणी संपली की कापसाची वाळकी झाडं बाया मुळासकट उपटतात, शेत मोकळं करून देतात, आणि त्या बदल्यात पऱ्हाटी घरी नेतात. त्यावर वर्षाची चूल चालते. ही रीत कुणी लिहून दिलेली नव्हती, पण पाटलाच्या बापानं आणि आज्यानं पाळलेली होती.

उमराव पाटलाला कापसाच्या पैशाचा माज चढला. माडी बांधायची, तीही पक्क्या विटांची! भट्टी लागली, भट्टीला जळण लागलं. गेल्या साली बायांनी वीस दिवस खपून त्याचं रान साफ केलं. हाताला फोड आले. आणि भारे बांधायच्या दिवशी हा गाड्या घेऊन बांधावर उभा. “रोजानं मजुरी देऊन राहिलो ना? मंग पऱ्हाटी कायले पायजे?” बाई पुढं झाली. म्हणाली, “पैसा जळते का, पाटील? चुलीत पैसा घालू?” तो हसला. त्याचे गडी हसले. सारी पऱ्हाटी त्याच्या वाड्यामागं गेली, तिची घराएवढी गंजी झाली, आणि वरून छप्पर घातलं. बाईनं मजुरी बांधावर ठेवली आणि घरी आली. तो हसला, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की मीही ते पाहिलं असं मला वाटतं.

यंदा माघात पाटलाचा गडी उपटणीचं बोलावणं घेऊन आला. बाई म्हणाली, “भागाचा हात दुखते म्हना.” सातही घरच्या बायांचे हात दुखू लागले. पाटील आठ दिवस गमतीत होता. त्याला काय ठाऊक, झाडं कधी उपटावी ते! भुईत ओल आहे तोवर पऱ्हाटी हाताला येते. फाल्गुन सरला की काळी माती मूळ असं धरते की भीमालाही सुटायचं नाही. चैत्रात त्यानं धारणीकडून माणसं आणली. झाडं वरच्या वर मोडली, ती गंजीवर गेली, खुंट भुईत राहिले. वखर अडू लागला, बैलांच्या खुरांत खुंट घुसले. लोकांचा कापूस वीतभर वर आला तेव्हा याची पेरणी चालली होती. आता भादवा चालू आहे. लोकांची उभी पऱ्हाटी कमरेला लागते आणि पाटलाची घोट्याला. मी मुद्दाम बांधावर जाऊन पाहून आलो. बरं वाटलं.

पण पाटलाची पऱ्हाटी उपटली नाही म्हणजे घरी आणली नाही, आणि बाकीच्यांची त्यांच्याच चुलींना पुरेना. गेला पावसाळा उरल्यासुरल्या जुन्या काड्यांवर कसाबसा निघाला होता; या पावसाळ्यात गल्लीत जळण नव्हतं, आणि ते बायांनी आपल्या हातानं ओढवून घेतलेलं होतं. बाईनं सात घरांची एक चूल केली. सगळ्यांचं पीठ तिच्या घरी, भाकरी एकदाच, सकाळी. वरण एक दिवसाआड. आधी कुडाच्या तुराट्या गेल्या, मग मोडका पाळणा गेला, मग तिची बाज गेली. बाज जळाल्यावर बाई ओल्या भुईवर निजू लागली. आषाढात मी न्यायला गेलो तेव्हा खोकत होती. “अमरावतीले चाल,” म्हटलं. “मी आली तं पाटील म्हनन, भागा पयाली. तू जाय.” मी निघून आलो... मी तिला उचलून न्यायला हवं होतं. नेलं नाही. पाटलावर राग काढताना हेही लिहायला हवं.

मी पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं आणि सरणाचा प्रश्न होता. गावात कोरडं जळण एकाच ठिकाणी होतं, ते पाटलाच्या छपराखाली. आणि तो आला! घोंगड्यांनी झाकलेली पऱ्हाटीची गाडी घेऊन, साऱ्या गावासमोर, आवाज चढवून म्हणाला, “एक गाडी काय, सारी गंजी भागाच्या नावानं सोडली म्या. लागन तितकी न्या.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “गाडी फिरवा.” म्हातारी माणसं समजावू लागली, की प्रेत जळायचं नाही, हा हट्ट मेलेलीला भोवेल. मी म्हटलं, “तिला ओली जाळीन, पण याच्या काडीनं जाळणार नाही.” मग शेजारची कौतिका घरात गेली आणि चुलीवरच्या माळ्यावरून पाच गोवऱ्या काढून आणल्या. पोळ्याच्या सणासाठी तिनं त्या जपून ठेवल्या होत्या. सातही घरांतून तसं आलं. गोवऱ्या आल्या, तुराट्या आल्या, एकीचं मुसळ आलं, एकीनं दाराची फळी काढून आणली. पावसानं दोन घटका उघडीप दिली आणि बाई नीट जळाली. मी जिंकलो असं मला वाटलं.

पुढची गंमत मला नंतर कळली. गाडी परत गेली तर पाटलाची म्हातारी माय दारात आडवी. “सरणाची लाकडं घरात आनतं कारे, मेल्या?” एक गाडीच नव्हे, सारी गंजी त्यानं आपल्या तोंडानं सोडलेली. तिच्यातली काडी त्याच्या चुलीत जाईना. भट्टीवाल्यानंही हात जोडले: मेलेल्या बाईच्या जळणावर भाजलेल्या विटा मी कुणाच्या घराला देत नाही. कच्च्या विटा पावसात विरघळू लागल्या. मी दहा दिवस ओट्यावर बसून ते मजेत ऐकलं. दहाव्याला बाईच्या पिंडाचा भात शिजवायचा, तर सात घरांत मिळून एक वाळकी काडी नाही. लेकरं भिजवलेले हरभरे चावत होती. कौतिका माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, “तुमचा राग भागला, दादा. तुमी उद्या अमरावतीले जासान. आमची चूल तुमी सरणावर घातली, ते दिसलं काय तुमाले?” तिनं दोरी घेतली, विळा घेतला आणि भर दिवसा पाटलाच्या वाड्यामागं चालू लागली. मागून बाया, आणि बायांमागून मी.

एक म्हातारी ओरडली, “अवं, सरणाची हाय ते!” कौतिका म्हणाली, “सरणाले लागली कुठं? भागाबाईची हाय ते. तिनं कधी आपल्याले उपाशी ठेवलं काय?” आणि पहिला भारा बांधायला बसली. आवाज ऐकून पाटील आला. तोंड उघडलं त्यानं. कौतिका मान वर न करता म्हणाली, “तुमची हाय का ही, पाटील? हाय तं म्हना एकदा, माही हाय म्हनून.” मेलेलीला दिलेलं परत घेतो, असं गावासमोर कोण म्हणेल? त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. मग आत गेला आणि दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत गंजीची जागा झाडून घेतल्यासारखी साफ होती.

पिंड झाला. मग बाईच्या घरची चूल पेटली, सात घरांची, आणि कौतिकानं पहिली भाकर माझ्यापुढं ठेवली. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी विचारलं, “पाटलाकडं आज काय शिजलं?”

“कायचं शिजते! ओलं लाकूड फुकून राहिले, धूर भरला साऱ्या वाड्यात.”

मी दुसरी भाकर मागून घेतली.