नाखव्यांची बिनदुधाची बिस्किटं

“ताई, वास येतो का बगा.”

असं म्हणून नाखवा दोन्ही तळहात थेट माझ्या नाकासमोर धरायचे. मी मशीनवर बसलेली आहे, समोर गिऱ्हाईक माप द्यायला हात वर करून उभं आहे, पण त्यांना त्याचं काही नाही. हात घासून घासून लालबुंद केलेले. मी वैतागून वास घ्यायची आणि खरं ते सांगून टाकायची, “येतो. तुपाचा.” मग पडलेल्या चेहऱ्याने समोरच्या बेकरीत परत, आणि पुन्हा नळाचा आवाज सुरू.

बोईसरला तुमचं जाणंयेणं असेल तर ती बेकरी तुम्हालाही आठवत असेल. डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळायची. साजूक तुपाची नानकटाई! कंपन्यांमधले लोक गावी जाताना डबे भरभरून न्यायचे. दिवाळीत बाया घरून रवा, मैदा, तूप घेऊन यायच्या आणि नाखवा त्यांना भाजून द्यायचे. कुणाच्या डब्यात तूप आहे आणि कुणाच्या डब्यात डालडा, हे झाकण उघडायच्या आत सांगायचे, तेही चारचौघींत. त्या नाकापायी काय काय भांडणं झालीत म्हणता! आणि ती सगळी मिटवायला मी, कारण माझं शिलाईचं दुकान बरोबर समोर.

नाखवा म्हणजे होडी चालवणारा तांडेल. यांनी उभ्या जन्मात होडी हाकली नाही. जन्म समुद्राकाठच्या मुरबे गावचा, घर मासेमारीचं, पण लहानपणी बापाने पहिल्यांदा होडीत घातलं तर पोराने ओकून ओकून जीव अर्धा केला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. शेवटी बापाने हात जोडले आणि एका ओळखीच्या भट्टीवर कामाला ठेवलं. म्हणून सगळं बोईसर चेष्टेने त्यांना नाखवा म्हणायचं, आणि तेही हसून ओ द्यायचे. “भट्टी काय हालत नाय, ताई,” म्हणायचे. “आपल्याला तेवढंच पायजे.”

बायको लवकर गेली. पोरगी दीपाली तेव्हा शाळेत होती. बाईमाणसाचं म्हणून जे जे काही असतं त्याला नाखवा माझ्याकडे यायचे आणि भिंतीकडे तोंड करून बोलायचे. “ताई, पोरीला काय लागतं ते तुमी आणा.” काय लागतं ते शब्दाने सांगायचे नाहीत. मला कळायचं. असं करत तिचं लग्न झालं, वैतरण्याला दिली, आणि पहिल्या बाळंतपणाला ती बापाच्या घरी आली. बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत नात जन्मल्यावर या माणसाने आख्ख्या गल्लीला नानकटाई वाटली. मी म्हटलं, “नाखवा, दुकान विकाल.” तर म्हणे, “विकू दे.”

आणि मग एका सकाळी दीपालीने लंगोट उघडून मला दाखवला. शी होती, त्यात रक्ताचे धागे.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, घाबरू नका, काही बाळांना जनावराचं दूध सोसत नाही, आईने खाल्लेलंही तिच्या दुधातून बाधतं. अंगावर पाजणं सोडायचं नाही, पण आईने दूध, दही, लोणी, तूप सगळं बंद करायचं. पोर मोठी झाली की बहुतेक आपोआप बरं होईल.

“तूप पण नाय?” नाखव्यांनी विचारलं.

“तूपही नाही.”

सगळा जन्म तुपात हात घातलेला माणूस. तिथून ते हात हुंगायचं सुरू झालं. वासाने काही होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी समजावलं, दीपाली तर रडून सांगायची, “बाबा, घ्या ना हिला.” मान डोलवायचे. पण पोर पुढे केली की हात पाठीमागे. पाळण्यापासून चार हात लांब उभे राहून “ए बाय, ए बाय” करायचे. ती हसायची, मग हे डोळे पुसायचे. मला इतका राग यायचा ना! पण करणार काय, आजा तो.

तुम्ही विचार करा, माहेरी आलेली बाळंतीण. तिला डिंकाचा लाडू नाही, शिरा नाही, खीर नाही. सकाळ-संध्याकाळ भात, भाकरी आणि बोंबलाची आमटी. वर अंगावर पाजणं. पाजून झालं की पोरगी अशी बसायची, डोळे खोल गेलेले. “बाबा, काहीतरी गोड द्या हो,” म्हणाली एकदा. बेकरीवाल्याच्या लेकीने हे मागावं आणि बापाला देता येऊ नये, काय म्हणावं याला?

मग नाखव्यांनी बिस्किटं भाजायचे नवे पत्रे आणले, नवं पातेलं आणलं आणि भट्टी स्वच्छ धुऊन पुसून पहाटेचं पहिलं काम हे लावलं. नाचणीचं पीठ, सुकं खोबरं, गूळ, अळीव, तीळ आणि तुपाच्या जागी खोबऱ्याचं तेल. पहिली बिस्किटं माझ्याकडे आणली. मी दात लावला तर दातच हलला. “नाखवा, उंबऱ्याला बसवा ही,” मी म्हटलं. दुसरी उचलली तर चुरा. तिसऱ्या खेपेला मात्र जमली. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. दीपालीने ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला.

नाखवा रस्ता ओलांडून धावत आले. “ताई, मागून घेतली तिने,” एवढंच म्हणाले आणि तसेच परत गेले.

बाळाची शी हळूहळू साफ झाली. आणि ही बिस्किटं काही घरात राहिली नाहीत. ती माझ्यामुळे पसरली. पाजणाऱ्या बाया पुढून हुकाचे ब्लाउज शिवायला माझ्याकडे यायच्या, त्यांची रडगाणी मी ऐकायची, आणि एखादीच्या बाळालाही असाच त्रास असला की तिला समोर धाडायची. हळूहळू ज्यांना कसला त्रास नाही अशाही जायला लागल्या. पॅकिंगच्या कामावरून सुटून एक हिंदी बोलणारी पोरगी आली, पदर छातीशी ओला झालेला. नाखव्यांनी पुडा ठेवला आणि लगेच भिंतीकडे तोंड केलं.

“काका, इससे दूध उतरेगा?” तिने विचारलं.

“वो मेरे को नहीं मालूम,” नाखवा भिंतीला म्हणाले. “भूक जाएगी.”

सगळ्यांना हेच सांगायचे. दूध येतं का ते मला नाय माहीत, भूक भागते. मी म्हटलं, “अहो, येतं म्हणा, चार पुडे जास्त खपतील.” तर माझ्याकडे असं बघितलं की मी काजं करायला घेतली.

सगळं बरं चाललं होतं आणि पुन्हा रक्त दिसलं.

नाखव्यांनी नानकटाई बंद केली. एका दिवसात! लोक येऊन ओरडायला लागले, काहींनी तर मलाच विचारलं, तुमच्या नाखव्यांचं डोकं फिरलंय का. ते पत्रे घासत होते, भिंती घासत होते आणि मधेच रस्ता ओलांडून माझ्यापुढे हात धरत होते. तुपाला शिवत नव्हते तरी वास येतच होता. मुरलेला वास असा जातो होय? पण बाळाचं काही थांबेना. दीपाली प्रत्येक घासाआधी थांबायची. भाताकडेसुद्धा बघत बसायची.

मग एका दुपारी ते आले ते कागदात लाडू घेऊन. “वास घ्या.”

“मेथी,” मी म्हटलं.

“मेथीच्या खाली. खाली दूध हाय, ताई.”

मला कप्पाळ दुधाचा वास येत नव्हता. तो लाडू विहीणबाईंचा होता. त्या दर आठवड्याला वैतरण्याहून यायच्या. बाई मनाने चांगली. सुनेला तूप चालत नाही म्हणून तिने मुद्दाम तेलात वळून लाडू आणले होते. दीपालीला विचारलं, तर म्हणाली, “सासूबाई मेथीचं पीठ दुधात भिजवतात. कडू लागू नये म्हणून. पण लाडूत दूध कुठे असतं ताई?” आणि बोलता बोलताच तिचा हात तोंडावर गेला.

नाखव्यांनी लाडू पुन्हा कागदात गुंडाळला. “तिने तूप काढलं हो. एवढं केलं तिने. आता कोणत्या तोंडाने सांगू? मी पोरीचा बाप. तुमी सांगा.”

मी सांगितलं. माझी जीभ तुम्हाला आता कळलीच असेल, पण देवाशपथ, त्या दिवशी गोड बोलले. विहीणबाईंनी आधी ऐकून घेतलं, मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. “माझ्या हातचं बाधलं पोरीला?” मी पाणी दिलं. जरा वेळाने डोळे पुसून म्हणाल्या, “माझ्या हातचं नको, व्याह्यांच्या हाताला पण तुपाचा वास. मग सोडवा ना अंगावरचं. पावडर मिळते की.”

“लाडू बंद केले की थांबेल,” नाखवा हळूच म्हणाले. “डॉक्टरीणबाई पण तेच बोलतील.”

आणि तेव्हा दीपाली बोलली. “नको बाबा. आज लाडू, उद्या आणखी काहीतरी निघेल. मला नाही होत आता. खायची भीती वाटते, पाजायची भीती वाटते.”

नाखव्यांच्या हातात बिस्किटांचा डबा होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. “बरं बाय,” म्हणाले.

तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याचं त्याला ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी असल्या बाळांसाठीची खास पावडर लिहून दिली, ती पोरीला सोसली, पोर छान बाळसं धरायला लागली. पण त्या आठवड्यात दूध आटावं म्हणून मी दीपालीची छाती जुन्या साडीने बांधून द्यायची, तेव्हा ती भिंतीकडे बघत असायची, अगदी बापासारखी. मग ती वैतरण्याला गेली.

नाखव्यांनी नानकटाई पुन्हा केली नाही. कितीदा सांगितलं, अहो, आता करा, आता कोण आहे घरात? “नको, ताई. ती येते ना मधून मधून.” बायांची बिस्किटं तेवढी करत राहिले. त्यावर बेकरी चालते थोडीच. शेवटी गाळा सोडला. आज तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात. नाखवा मुरब्याला भावाकडे असतात. भाऊ सांगतो, ओट्यावर बसतात, पण समुद्राकडे पाठ करून.

गाळा रिकामा केला त्या दिवशीचं सांगते. भट्टी विझून बरेच दिवस झाले होते, शेवटची बिस्किटं तेवढी डब्यात होती. दीपाली नातीला घेऊन आली. पोर आता वर्षाची, चांगली गुबगुबीत. तिला खाली बसवलं तर तिने स्वतःच डब्यात हात घातला आणि बिस्कीट चोखत बसली. नाखवा लांबून बघत होते. मग माझ्याकडे आले.

“ताई, वास येतो का बगा.”

मी वास घेतला. पुन्हा घेतला. साबणाचासुद्धा नव्हता. इतक्या वर्षांचा मुरलेला वास, कुठे गेला कोण जाणे.

“नाही येत, नाखवा.”

त्यांचा विश्वास बसेना. “हा पण बगा,” म्हणून दुसरा हात पुढे केला. त्यालाही नव्हता.

“मग घेऊ हिला?”

मी मान डोलवली. ते खाली वाकले आणि तान्ह्या बाळाला घ्यावं तसं मानेखाली हात घालून त्यांनी त्या वर्षाच्या पोरीला उचललं. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि असा हंबरडा फोडला की बिस्कीट खाली पडलं. दोन्ही हात आईकडे. नाखव्यांनी घाईघाईने तिला दीपालीकडे दिलं.

“ओळखत नाय ना,” ते म्हणाले, आणि त्यांचे हात पुन्हा पाठीमागे गेले.