समोरचा उंबरठा

ओल्या सिमेंटचा वास आला की मला बदलापूरची आमची अर्धवट बांधलेली बिल्डिंग आठवते. तेव्हा आम्ही उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यावरच्या खोलीत भाड्याने राहायचो. दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट संपायचं आणि आई पुन्हा घरमालकाच्या दारात जाऊन उभी राहायची. म्हणून स्वतःच्या फ्लॅटला चौकट बसल्याचं कळताच ती हळदकुंकू घेऊनच निघाली. दारं नव्हती, नंबरही नव्हते. “डावीकडचा आपला,” बाबा ठामपणे म्हणाले. आईने उंबरठा पुसला, हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून हात जोडले, तेवढ्यात वॉचमन आला. “मॅडम, आपका तो सामनेवाला है.” बाबा ओशाळले. “पूस पटकन, कोणी बघितलं नाही.” आई उखडलीच. “वाहिलेलं कुंकू पुसतात का कधी? जी कोण राहायला येईल, तिचंही भलं होऊ दे.” मग तिने आमचा उंबरठा पुजला. पुढे दर दसऱ्याला ती दोन्ही उंबरठे पुजायची आणि समोरच्या काकू हसायच्या, “माझ्या घराला माझ्याआधी तुमचेच पाय लागले हो.” यंदा आई नाही. दसऱ्याला सकाळी मी दार उघडलं, तर आमच्या उंबरठ्यावरचं हळदकुंकू अजून ओलं होतं.