कानातली बाई आणि लाल उतार

माणसाला माणसाने शिकवावे, यंत्राने फार तर धान्य दळावे, असे माझे मत आहे. ज्या यंत्राने गेल्या हिवाळ्यात मला स्कीइंग शिकवण्याचा आव आणला, त्याच्याविषयीचे मत तर याहूनही खालचे आहे.

मी अर्ज लिहितो. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात मागच्या टेबलाशी माझी बैठक असते. पार्किंगच्या दंडावरची हरकत, शाळाप्रवेशाचे अपील, शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल कौन्सिलकडे तक्रार, हे सारे माझ्या हातून जाते. माझे शिक्षण लवकर थांबले, परंतु भाषा बिघडली ती ज्यांचे पुढे चालू राहिले त्यांची. चांगले पदवीधर माझ्यासमोर बसून ‘काका, जरा स्ट्राँग लिहा’ म्हणतात.

बर्फाशी माझा संबंध मुलीमुळे आला. ती लहान असताना शाळेने वर्गाला स्कीइंग शिकवायला प्लास्टिक अंथरलेल्या कृत्रिम उतारावर न्यायचे ठरवले आणि ती एकटी जायला तयार होईना. तेव्हा मीही ते लोखंडासारखे बूट चढवले. रांगेत ती माझ्या जॅकेटचे टोक मागून घट्ट धरून उभी होती. पुढे ती पटाईत झाली; मी मध्यावर राहिलो. आता दर फेब्रुवारीत ती, जावई आणि मी आल्प्सला जातो. ती दोघे लाल खुणेच्या तीव्र उतारावरून सुसाट जातात आणि डोंगरावरच्या लाकडी खाणावळीत जेवतात. मी निळ्या, सौम्य उतारावर एकटा घसरतो आणि खाली कॅफेत पाणचट सूप पितो.

दिवाळीत पिनरला त्यांच्या घरी फराळ चालू असता मुलगी म्हणाली, “बाबा, उन्हाळ्यात आम्ही मेलबर्नला मूव्ह होतोय. ही लास्ट ट्रिप आहे. या वेळी तरी तुम्ही वर या ना, आपण तिघं एकत्र खाली येऊ.”

मी हातातली चकली ताटात परत ठेवली. मी काही बोलण्यापूर्वीच जावई बोलला. हा पुण्याहून व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला. त्याला आकड्याशिवाय मायासुद्धा कळत नाही.

“बाबा, रिस्क नको. अ‍ॅपवर साठ स्कोर आला की लाल उतार. डील?”

असे म्हणून त्याने मला एक खोका दिला. दिवाळीत सासऱ्याने जावयाला द्यावे ही रीत. ती उलटली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. खोक्यात बुटाच्या मागे अडकवायच्या दोन चपट्या डब्या होत्या. त्या पायांची हालचाल मोजतात, फोनला कळवतात, आणि फोनमधली एक बाई कानात सूचना देते.

बाईने प्रथम माझी पातळी विचारली: बिगिनर, इंटरमीडिएट की अ‍ॅडव्हान्स्ड. माझ्या व्यवसायाचा पहिला नियम असा की अर्जात नेहमी एक पायरी वरचे मागावे. दोन खोल्या हव्या असल्यास तीन मागाव्यात. अधिकारी एक कापतो, त्याला कापल्याचे समाधान मिळते आणि आपल्याला दोन खोल्या. त्या नियमाला अनुसरून मी अ‍ॅडव्हान्स्ड दाबले.

पिनरपासून तासाभरावर एका अवाढव्य पत्र्याच्या शेडमध्ये बारमाही बर्फ ठेवतात. तेथे मी दर शनिवारी जाऊ लागलो. बाई म्हणे, “स्कीच्या कडा लवकर लावा, अजून झुका, कोन वाढवा.” मी झुके आणि पडे. पडलो की ती म्हणे, “ग्रेट एफर्ट!” पडलेल्या माणसाचे अभिनंदन करणाऱ्या प्राण्याला आमच्याकडे काय म्हणतात, ते मी येथे लिहीत नाही. आकडा तिशीच्या पुढे सरकेना. जानेवारी उजाडला. खाली बर्फावर बसल्या बसल्या मला कॅफेतले ते एकट्याचे सूप दिसू लागले.

मग एका शनिवारी मुलगी बरोबर आली. तिने माझा एक इयरफोन काढून स्वतःच्या कानात घातला.

“बाबा, ही तुम्हाला कार्व्हिंग, ते कडांवर झुकून वळणं, का सांगतेय?”

“तिलाच विचार. बुद्धी बेताचीच दिसते.”

“लेव्हल काय टाकलंत?”

“योग्य ती.”

तिने फोन हिसकावला. “अ‍ॅडव्हान्स्ड? सीरियसली?”

“मागताना कमी मागू नये.”

“अहो, इथे कट करायला कोणी बसला नाहीये! ही मशीन तुम्हाला बिलीव्ह करते आणि त्याच लेव्हलने मार्क देते.”

दुसऱ्याचे लिहिलेले तंतोतंत खरे धरणारा वाचक मला इतक्या वर्षांत भेटला नव्हता, आणि भेटला तो असा निर्बुद्ध. मुलीने माझ्यादेखत मला इंटरमीडिएट केले. मी तोंडी हरकत घेतली. ती फेटाळली गेली.

आता बाई वेगळेच बोलू लागली. नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर टेका. हात चहाचा ट्रे धरल्यासारखे पुढे ठेवा. वळताना भार बाहेरच्या पायावर. एवढेच, पुन्हा पुन्हा, बालवाडीत सांगावे तसे. मला ते अपमानास्पद वाटले, तरी मी ट्रे धरला आणि नडग्या टेकल्या. आणि मागे रेलण्याची माझी जुनी खोड सुटून दोन्ही स्की जोडीने वळू लागल्या. तीन-चार फेऱ्यांनंतर फोनवर बासष्ट आले.

“माझा पण बघू,” म्हणून मुलीने डब्या स्वतःच्या बुटाला लावल्या, अ‍ॅडव्हान्स्ड दाबले आणि बाणासारखी गेली. अठ्ठावन्न.

तिने जावयाला व्हिडिओ कॉल केला. “बाबा पास! बासष्ट!”

“वा! आणि तुझा?”

ती बुटाच्या डब्या काढायला वाकली. मी फोन हाती घेतला. “सदर महिलेचे गुण दोनांनी कमी आहेत. तथापि तिचा पूर्वेतिहास पाहता विशेष बाब म्हणून तिला लाल उतारावर प्रवेश द्यावा, अशी माझी शिफारस आहे.”

“मंजूर, बाबा,” तो हसत म्हणाला. “तिघांचं टेबल वरच बुक करतो.”

माझ्या खऱ्या पातळीइतकेच मागणारा हा पहिलाच अर्ज, आणि तो मंजूर झाला. यावरून काही सिद्ध होते असे मी मानत नाही. टेबलाशी येणाऱ्यांना मी आजही तीनच खोल्या मागायला लावतो.

आम्ही पुन्हा लिफ्टच्या रांगेत लागलो. मुलगी माझ्यामागे होती. पाठीवर काहीतरी ओढल्यासारखे झाले म्हणून मी हात मागे नेला. तिने माझ्या जॅकेटचे टोक मुठीत धरले होते.

कानातली बाई म्हणाली, “ग्रेट वर्क!” तिला कोणी विचारले नव्हते.