दाजींची वाकडी भिंत

आमचे दाजी भडकले नाहीत असा दिवस लिंबागणेशच्या पंचक्रोशीत अजून उगवलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, गवंडीकामातले जुने मिस्त्री. चहात साखर जास्त पडली तरी भडकतात, कमी पडली तरी भडकतात, आणि बेताची पडली तर न विचारता टाकली म्हणून भडकतात. सगळ्यात जास्त चीड वाकडेपणाची. लग्नात जेवायला बसले तरी आधी एक डोळा मिटून मांडवाचे खांब बघणार आणि मग मांडववाल्याची हजेरी घेणार. त्यांची स्वतःची भिंत मात्र सुतात असते, हे त्यांच्याशी भांडून आलेला माणूसही कबूल करतो.

गेल्या वर्षी त्यांनी माझ्या घराचं काम हाती घेतलं. छातीइतकी भिंत झाल्यावर डावा डोळा मिटला, उजव्यानं ओळंब्याची दोरी बघितली आणि भिंत पाडली. पुन्हा बांधली, पुन्हा पाडली. तिसऱ्यांदा मी चिडलो, "दाजी, भिंत दोरीबरोबर हाय. पाडायची कावून?"

"दोरीच वाकडी हाय बे!" दाजी ओरडले.

वजन लावून सोडलेली दोरी वाकडी कशी लटकेल? मी त्यांना तसंच बीडला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्यातली रक्ताची शीर तुंबली होती. मागच्या पडद्यात पाणी साचून सूज आली होती, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसत होती. डोळ्यात इंजेक्शन दिलं, पाणी ओसरलं, दोरी सरळ झाली. डॉक्टरांनी बजावलं, "चांगलं दिसलं तरी तारीख चुकवू नका. पाणी पुन्हा साचतं."

दाजींनी चुकवली. "दिसतंय की लख्ख! चांगल्या डोळ्यात सुई कावून खुपसून घेऊ?" पाणी साचलं, धावपळ झाली, ओसरलं, पुन्हा चुकवली. अक्का रडली, मी तोंडाला येईल ते बोललो. अजूनही त्या माणसाचा मला संताप येतो. दुसऱ्याची भिंत बोटभर कललेली ज्याला खपत नाही, त्यानं स्वतःचा डोळा असा वाऱ्यावर सोडावा?

पुन्हा पाणी साचलं. या खेपेला ते ओसरलं, नजर मात्र परतली नाही. पाणी सारखं चढून उतरून पडदा खराब झाला, आता तो सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वाटभर सुनावायचं मी मनाशी जुळवूनच ठेवलं होतं. स्टँडवर एसटीत चढताना दाजींचा पायरीचा अंदाज चुकला. कंडक्टर खेकसला, "उरका की काका!" आता याची काही धडगत नाही, असं मला वाटलं. दाजी हळूच म्हणाले, "दिसंना बाबा. जरा दमानं घे."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला नाही, आणि तेवढंच मला सहन झालं नाही.